सहा बाटल्यांचा फिंगर पेंट संच: घ्या, पण कागद बदला

सांगलीत हरभट रोडला किंवा गणपती पेठेत स्टेशनरीच्या दुकानात फिंगर पेंट, म्हणजे बोटांनी रंगवायचा रंग, मागितला की सहा छोट्या बाटल्यांचा संच पुढे येतो. दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी तो चांगला आहे. फक्त सोबत येणारा पातळ कागद वापरू नका.

घेताना आधी खोका उलटा करून बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि आयएस ९८७३ या मानकाचा सातवा भाग खास फिंगर पेंटसाठी आहे. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं पुरत नाही. रंगपंचमीचे सुटे रंग पाण्यात कालवून तर कधीच देऊ नयेत.

रंग घोटलेल्या दह्याइतका दाट हवा. पातळ असला तर ओघळतो, बोटाची रेघ उमटत नाही आणि मुलाचा रस संपतो. फार घट्ट असला तर कागद बोटाला चिकटून फाटतो. मग थेंब थेंब पाणी घालत सारखा करावा. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) कागद ओला होताच सुरकुततो. १५० ते २०० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, घ्या आणि चारही कडा मास्किंग टेपने चिकटवा. कागद सरकला की मूल एका हाताने तो धरून ठेवण्यातच अडकतं.

एका वेळी दोनच रंग काढा: पिवळा आणि निळा, किंवा पिवळा आणि लाल. सहाही समोर ठेवले तर पाच मिनिटांत सगळा चिखल होतो, कारण लाल, पिवळा, निळा एकत्र आले की तपकिरीच होणार. दोनच असले तर हिरवा किंवा केशरी कसा आला ते मुलाला स्वतःला दिसतं, आणि या खेळाचं खरं मोल तिथंच आहे. कागद कधी भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. उभ्या कागदावर हात फिरवताना खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. पुढे पेन्सिल धरताना तीच ताकद लागते. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी फुली जमते. त्याआधीच्या गिरगोट्याला ‘हे काय काढलंस?’ विचारू नये. ‘इथून तिथपर्यंत लांब रेघ गेली की!’ एवढं पुरे.

सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला मात्र हा संच नको, घरचा रंग द्या. चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी थंड पाण्यात कालवा, दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. थेट गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात. पूर्ण गार झाल्यावर बिटाचा रस किंवा हळद मिसळा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. आंबट वास आला की फेकून द्यावं.

हळदीचं गाव असल्यामुळे आणखी एक खेळ इथं सोपा आहे. तीन वर्षांपुढच्या मुलाला हळदीच्या पाण्याने कागद रंगवू द्या, वाळला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून रेघा ओढायला सांगा. रेघा लालसर उमटतात, लिंबू लावलं की परत पिवळ्या. हे मोठ्यांनी जवळ बसूनच करावं, लिंबाचा हात डोळ्याला जातो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल झाला तरी घाबरू नका. नीट खळबळून कडक उन्हात वाळवला की बराचसा उडतो.