एडनची पाकिटं आम्ही किलोच्या भावात दिली

आमच्या मालवणजवळच्या घरात माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ एडनला, म्हणजे आजच्या येमेनमधल्या बंदरात, एका पेढीवर कारकून होते. १९२४ ते १९३६ या काळात तिथून घरी आलेली त्यांची पत्रं तिच्यात होती, पाकिटांसकट. शेजारी बाबांनी ऑफिसच्या टपालावरून कापून जमवलेल्या तिकिटांची मोठी पिशवी. बाबा गेल्यावर घर आवरायला काढलं, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने तिकिटं विकत घेणारा एक माणूस घरी आला.

तो काय आणि कसा बोलला ते नीट सांगते, कारण आम्ही फसलो ते तिथेच.

आधी त्याने पिशवीत हात घातला. म्हणाला, "ताई, कागदाला चिकटलेली तिकिटं किलोवर जातात." हे खरं आहे. रोजच्या टपालातली साधी तिकिटं पाकिटाच्या कागदासकट कापून वजनावर विकतात, घेणारा ती पाण्यात भिजवून सोडवतो. भोवती कागद किती ठेवलाय, एकच तिकीट किती वेळा आलंय, चांगली तिकिटं आधीच कुणी वेचून घेतलीत का, यावर भाव ठरतो. बाबांच्या पिशवीला तो भाव रास्तच होता.

मग त्याने ट्रंकेतलं एक पाकीट उचललं. आईकडे वाटीभर पाणी मागितलं, पाकिटाचा कोपरा कात्रीने कापला आणि पाण्यात टाकला. थोड्या वेळाने पंचम जॉर्जचं एक आण्याचं तपकिरी तिकीट कागदापासून सुटलं. ते तळहातावर ठेवून म्हणाला, "बघा काकू, त्या काळी ही ढिगाने छापली. सुट्टं कुणी दहा रुपयांनाही घेत नाही." हेही खरंच होतं. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर आम्हाला पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

"पाकिटं मी घरी नेऊन कापीन, तुम्ही कशाला त्रास घेता," असं म्हणत त्याने पाकिटांचे गठ्ठे आणि ती पिशवी एकदमच काट्याला लावली. आतली पत्रं मात्र एकेक करून काढून आईच्या हातात दिली. "ही तुमची आठवण, जपून ठेवा." आईला तो किती भला वाटला! सव्वातीन किलो भरले. सहाशेच्या भावाने १,९५० रुपये मोजून तो गेला.

त्याने न सांगितलेली गोष्ट मला दोन वर्षांनी कळली. एडन तेव्हा भारताच्या कारभारात होतं आणि तिथल्या पोस्टात भारतीय तिकिटंच चालायची. एडनची स्वतःची, गलबताचं चित्र असलेली तिकिटं १ एप्रिल १९३७ ला निघाली. त्यामुळे भारताचं तिकीट आणि त्यावर 'एडन कँप' किंवा 'स्टीमर पॉइंट' या तिथल्या पोस्टांचा शिक्का, हा संग्राहकांचा एक वेगळाच विषय आहे. तिथे किंमत तिकिटाची नसते, अख्ख्या पाकिटाची असते: पुढे निघाल्याचा शिक्का आणि तारीख, मागे मुंबईचा आणि मालवणचा पोचल्याचा शिक्का. शिक्क्याची अर्धी कमान तिकिटावर आणि अर्धी कागदावर असते, हाच ते तिकीट त्याच पाकिटावरचं असल्याचा पुरावा. तिकीट सोडवलं की तो पुरावा गेला. वाटीतलं तिकीट अजून माझ्याकडे आहे. त्यावर गावाच्या नावातली मधली दोनच अक्षरं उरलीत, आणि आता ते खरोखरच दहा रुपयांचंही नाही.

म्हणून हात जोडून सांगते, घरात जुनी पाकिटं असतील तर एकही कापू नका, भिजवू नका, आणि वजनावर तर मुळीच देऊ नका. पत्र पाकिटातून काढून वेगळं ठेवू नका. पोस्टकार्डावर किंवा पाकिटावर छापलेलं तिकीट असेल तर तेही कापू नका. आधी प्रत्येकाचे पुढून-मागून फोटो काढा. घेणारा घाई करत असेल तर फोटो घेऊन आणखी दोघांना विचारा. आमच्याकडे एकाही पाकिटाचा फोटो नाही, त्यामुळे तक्रार करायची तर दाखवायलाही काही नाही.

मला हे सगळं कळलं ते पुण्यात, तिकिटांच्या एका प्रदर्शनात. एका विक्रेत्याच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या आवरणात एक पाकीट होतं. पत्ता इंग्रजीत, त्याखाली मोडीत आमच्या थोरल्या आजीचं नाव, कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा डाग. किंमत ४,२०० रुपये. त्या विक्रेत्याचा यात काही दोष नव्हता, त्याने ते तिसऱ्याकडून घेतलं होतं. त्याच्याशी घासाघीस करायला माझा आवाजच फुटेना. पैसे दिले आणि घेऊन आले. शिक्का ९ ऑगस्ट १९२९ चा होता. घरी पत्रं चाळली, तर ८ ऑगस्टचं पत्र सापडलं. जुन्या घड्यांवरच दुमडलं आणि आत सरकवलं, बरोबर बसलं.

अजून चाळीसेक पाकिटं कुठे ना कुठे फिरत असतील. एडनचा शिक्का, मालवणचा पत्ता आणि खाली मोडीतली एक ओळ असं पाकीट कुणाला दिसलं, तर मला जरूर सांगा. सांगाल ती किंमत देईन.