एनसीव्ही-ईएमजी तपासणी: हाताचं उत्तर मिळालं, पायांचं अजून नाही

नसांची ही तपासणी करून आलेल्या कुणालाही विचारा, एक तर "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं" म्हणतात, नाही तर "शॉक देतात, जाऊ नका" म्हणतात. मला दोन्हीचा काही उपयोग झाला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत.

मी शिवणकाम करते. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर झाली होती. कापड धरायचा हात तोच. अस्तर टाचताना टाचणी करंगळीत घुसली, ती कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळली. पायांचं दुखणं वेगळंच: रात्री तळव्यांची आग, मुंग्या, आणि चादर नुसती टेकली तरी सोसत नाही. घरच्यांची उत्तरं तयार होती. अशक्तपणा, वय, उभं राहणं जास्त होतं, व्हिटॅमिनच्या गोळ्या घे.

तपासणीच्या आधी न्यूरॉलॉजिस्टनी जे केलं त्याला माझे सगळ्यात जास्त गुण. यंत्र नाही, काही नाही. कापसाचा बोळा, टोचायला टाचणी, गुडघ्यावर मारायची हातोडी आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. तो फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि थरथर थांबली की सांगायचं. डोळे मिटून उभं राहायला लावलं, अंगठा वर केला की खाली ते न बघता ओळखायला लावलं. "चप्पल पायातून निसटली तर कळतं का?" असंही विचारलं. मला कळतं. हा प्रश्न साधा वाटला, पण पुढे त्याचाच उपयोग झाला.

हाताकडे आल्यावर त्यांनी अनामिकेवर टाचणी एका कडेकडून दुसऱ्या कडेला नेली. बोटाच्या बरोबर मधोमध टोचणं बोथट झालं. अनामिकेची अर्धी बाजू एका नसेकडे आणि अर्धी दुसरीकडे असते. मानेतून येणारी नसेची मुळी दबली तर सहसा बोट असं अर्धं वाटलं जात नाही. म्हणजे संशय मानेपेक्षा कोपरावर. कोपराच्या आतल्या खाचेत त्यांनी टिचकी मारली आणि करंगळीपर्यंत झिणझिणी गेली. चिठ्ठीवर त्यांनी नुसतं तपासणीचं नाव लिहिलं नाही, काय शोधायचं तेही लिहिलं: डावी अल्नर नस (कोपराच्या त्याच खाचेतून करंगळीकडे जाणारी) कोपरापाशी, आणि दोन्ही पाय.

आता सेंटर. जाताना हातापायांना क्रीम, तेल लावायचं नाही. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायचं. मला फोनवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं, तिथे गेल्यावर विचारलं. एक तक्रार ही.

दुसरी मोठी. खोली एसीने गारठलेली, माझे हात बर्फ. टेक्निशियन थेट पट्ट्या चिकटवायला लागला. हात गार असेल तर नस हळू चालते, एका अंशाला साधारण सेकंदाला 2 मीटरने वेग पडतो, आणि चांगली नस यंत्रावर आजारी दिसू शकते. हे डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं म्हणून मी तापमान मोजायला सांगितलं. त्याचं तोंड वाकडं झालं, पण मोजलं. हाताची त्वचा 32 अंशांच्या आसपास तरी हवी. माझी नव्हती. मग गरम कपड्यात हात गुंडाळून बसवलं. मी बोलले नसते तर तसंच उरकलं असतं.

पहिला भाग एनसीव्ही, म्हणजे नसेचा वेग मोजणं. नसेवर वरून करंट देतात, पुढे चिकटवलेली पट्टी तो किती वेळात आणि किती जोरात पोचला ते टिपते. करंट हळूहळू वाढवत नेतात, उत्तर आणखी मोठं होईनासं झालं की थांबतात. मनगटाला चालून जातं. कोपराच्या वर मात्र हात आपोआप उडतो आणि तोंडातून शब्द निघतो. सहन होतं, पण "काहीच नाही" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुसरा भाग ईएमजी, स्नायूत सुई घालून करायचा. आयुष्य सुयांमध्ये गेल्यामुळे असेल, मला हा सोपा गेला. या सुईतून करंट देत नाहीत, ती फक्त ऐकते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात घातली. हा स्नायू अल्नर नसेवरच चालतो. हात सैल सोडला की स्पीकर गप्प, बोट दाबलं की खरखर. सैल सोडल्यावरही आवाज येत राहिला तर नसेचे तंतू तुटल्याचा संशय. माझा स्पीकर गप्प राहिला. हा भाग तिथल्या डॉक्टरांनी स्वतः केला आणि प्रत्येक वेळी काय ऐकू येतंय ते सांगितलं. इथे पूर्ण गुण. एक लक्षात ठेवा: इजा ताजी असेल तर सैल हातातला हा आवाज येत नाही, तो बदल उमटायला दोन-तीन आठवडे लागतात.

हाताचा निकाल स्पष्ट निघाला. मनगट ते कोपर वेग सेकंदाला 58 मीटर, कोपराच्या वळणावर 41. दहापेक्षा जास्त फरक म्हणजे नस तिथे दबतेय. शिलाई मशीनच्या टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसायची सवय सोडली, आणि रात्री हात दुमडू नये म्हणून कोपराभोवती टॉवेल गुंडाळून झोपते.

पायांचा अहवाल: सर्व सामान्य मर्यादेत. काउंटरवरच्या बाईंनी हसून कागद दिला, "सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका." मग रात्री आग कसली होते? हे त्यांना विचारून उपयोग नव्हता. न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की ही तपासणी नसेतले फक्त जाड, वेगवान तंतू बघते. थरथर, चप्पल कळणं, तोल, हे त्यांचं काम, आणि ते माझं शाबूत आहे. आग, टोचणं, गरम-गार हे बारीक तंतूंकडे, ते या यंत्राला दिसतच नाहीत. जाड दोरा मोजून बारीक दोऱ्याचा हिशेब कसा लागणार! बारीक तंतू बघायचे तर घोट्याच्या वरून त्वचेचा 3 मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. त्याआधी रक्त: ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर, बी-12, थायरॉइड, प्रथिनांची तपासणी. नणंदेने प्रेमाने दिलेल्या गोळ्यांची पाकिटंही त्यांनी वाचली आणि बंद करायला लावली, कारण बी-6 जास्त मात्रेत बरेच दिवस घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

मेंदू आणि मज्जारज्जू यांबद्दल ही तपासणी काही सांगत नाही, त्यासाठी एमआरआय. आणि बधिरपणा अचानक चेहऱ्याच्या किंवा अंगाच्या एकाच बाजूला आला, बोलणं अडखळलं, पायांतला अशक्तपणा दिवसागणिक वर चढायला लागला, किंवा जांघेत बधिर होऊन लघवी अडली, तर अपॉइंटमेंटच्या भानगडीत पडू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

तारे द्यायचेच तर तपासणीला चार, सेंटरला अडीच. अहवालाचं शेवटचं पान घेऊन निघू नका, आकड्यांची पानं मागून घ्या. मला ती दुसऱ्यांदा मागितल्यावर मिळाली, आणि 58-41 हा फरक त्यातच होता. माझ्या रक्ताचे निकाल यायचेत. त्यात काही निघालं नाही तर त्वचेचा तुकडा, त्याचं वेगळं लिहीन.