जेनेटिक्सचा स्लाइड बॉक्स: नाकतोडा झकास, माशीने मात्र निराशा

पाचपैकी साडेतीन. मुलीसाठी म्हणून ऑर्डर केला होता खरं तर, पण आता तिच्यापेक्षा मीच जास्त बसतोय मायक्रोस्कोपवर. बॉक्समध्ये तयार स्लाइड्स, एक वाळलेलं मक्याचं कणीस आणि सोबत छोटी पुस्तिका.

आधी कणीस. जांभळे आणि पिवळे दाणे मिसळलेले, ते मोजायचे. कंटाळवाणं वाटलं होतं पण मोजून झाल्यावर प्रमाण जवळपास तिनास एक आलं ना, तेव्हा अंगावर काटा आला राव. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने वाटाण्याचे 7324 दाणे मोजले, 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले, म्हणजे 2.96 ला 1. आम्ही एका कणसात थकलो. आणि एवढं करून 1866 ला छापलेल्या त्या पेपरकडे 1900 पर्यंत फारसं कोणी बघितलंच नाही.

कांद्याच्या मुळाची स्लाइड एकदम क्लीन, 400 पटीवर पेशी विभाजनाच्या सगळ्या पायऱ्या दिसतात, गुणसूत्रं (आनुवंशिक गुण वाहून नेणारे पेशीतले धागे) म्हणजे दोऱ्याचे तुकडेच. रंग दिल्याशिवाय हे दिसतच नाही, म्हणून तर 1888 मध्ये वाल्डेयरने ‘क्रोमोसोम’ नाव दिलं, रंगलेली वस्तू. पण खरा हिरो नाकतोड्याच्या वृषणाची स्लाइड. याची गुणसूत्रं चांगली जाडजूड, जोड्या जुळताना आणि मग वेगळ्या होताना दिसतात, सटनने 1902-03 मध्ये नाकतोड्यातच हे बघून सांगितलं की मेंडेलचे ‘घटक’, म्हणजे आपण आज ज्यांना जीन्स म्हणतो ते, यांच्यावरच बसलेले असणार. मायक्रोस्कोपमधून डोळा काढला आणि परत लावला, दोनदा.

आता तक्रार. फळमाशीच्या दोन स्लाइड्स, लाल डोळ्याची आणि पांढऱ्या डोळ्याची. 1910 मध्ये मॉर्गनला पांढऱ्या डोळ्याचा एक नर सापडला आणि त्याच्या नातवंडांत पांढरे डोळे फक्त नरांनाच निघाले, सगळी गंमत त्या रंगात आहे! आणि इथे स्लाइड बनवताना रंगच उडालेला, दोन्ही माश्या सारख्याच फिक्या. लेबल वाचून ओळखायची मग स्लाइड कशाला, फोटो दिला असता तरी चाललं असतं.

पुस्तिका ठीकठाक. नेटी स्टीव्हन्स या शास्त्रज्ञ बाईला एकच ओळ दिलीये, हे अजिबात पटलं नाही. 1905 मध्ये तिने मीलवर्मच्या (पिठात होणाऱ्या किड्याच्या) पेशींत मोजलं, मादीत 20 मोठी गुणसूत्रं, नरात 19 मोठी आणि एक पिटुकलं, म्हणजे नर की मादी हे त्या पिटुकल्यावर ठरतं. मीलवर्मची स्लाइड टाका ना माशीच्या जागी!

अजून एक, माणसाची गुणसूत्रं 46 बरोबर छापलीयेत पण 1956 पर्यंत सगळे 48 मानायचे हे कुठेच नाही. मुलीला मी सांगितलं तर म्हणाली, मग तेव्हा परीक्षेत 46 लिहिणारा नापास झाला असेल.

पॅकिंग चांगलं होतं, एकही काच फुटली नाही.