बिट्स गोवा, दोन सेमनंतर: जायचं ठरवताय त्यांच्यासाठी माझा अनुभव

मागच्या वर्षी याच दिवसांत मी बिट्सबद्दल (बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स, इंजिनीअरिंगसाठी ओळखलं जाणारं प्रायव्हेट विद्यापीठ) मिळेल ते वाचत बसले होते, आणि जे मिळायचं ते एकतर पॅकेजचे आकडे नाहीतर "कॅम्पस भारी आहे" एवढंच. तिथे रोजचा अभ्यास कसा चालतो, पैसे घालून नेमकं काय मिळतं, हे मराठीत कुणी नीट सांगितलेलं सापडलं नाही. आता दुसऱ्या सेमची कॉम्प्रे, म्हणजे आपली फायनल, देऊन मिरजेला घरी आलेय तर निवांत लिहिते. मी गोवा कॅम्पसला मेकॅनिकलला आहे. लांब होईल, पण ज्याला चार वर्षं आणि घरचे एवढे पैसे घालायचेत त्याने वाचावं असं मनापासून वाटतं.

आधी तो एक प्रश्न, कारण आमच्याकडे प्रत्येक नातेवाइकाने विचारला. काका म्हणाले, प्रायव्हेट आहे ना, मग डोनेशन किती दिलं? काही नाही दिलं. बिट्समध्ये मॅनेजमेंट कोटा नाही, राज्याचा कोटा नाही, जातीनिहाय आरक्षणही नाही, बिटसॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर हाच रस्ता (बोर्डात पहिले येणाऱ्यांना थेट प्रवेश मिळतो तेवढा सोडून). सीईटीचा इथे काही उपयोग नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात निदान ६० लागतात, त्यामुळे बोर्ड अगदी वाऱ्यावर सोडू नका, बिटसॅट चांगली जाऊन इथे अडकणं फार वाईट.

बिटसॅट ३ तासांची, १३० प्रश्न, ३९० मार्क, बरोबरला ३ आणि चुकलं तर १ वजा. त्यात मॅथ्सचे ४०, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ३०-३०, लॉजिकल रीझनिंगचे २० आणि इंग्लिशचे १०. मी ज्या क्लासला होते तिथे सांगितलेलं की जेईईची तयारी झाली की बिटसॅटची झालीच, वेगळं काही करायला नको. हे मला महागात पडलं असतं. प्रश्न जेईईपेक्षा सोपे असतात हे खरं, पण १८० मिनिटांत १३० म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटसुद्धा नाही, आणि मी पहिला मॉक दिला तेव्हा ३५ प्रश्न न बघताच राहिले होते. मग शेवटचे दीड महिने रोज घड्याळ लावून सोडवले, इंग्लिश आणि लॉजिकल आधी उरकायची सवय केली, त्याने बराच फरक पडला. सगळे १३० वेळेत झाले तर जादाचे १२ प्रश्न घेता येतात, पण ते घेतले की मागे जाऊन काही बदलता येत नाही, हे लक्षात ठेवून ठरवा.

आता कॉलेजबद्दल. सुरुवात राजस्थानातल्या पिलानीची, घनश्यामदास बिर्लांनी १९६४ मध्ये उभं केलेलं, सुरुवातीला फोर्ड फाउंडेशनचे पैसे आणि अमेरिकेतल्या एमआयटीची मदत होती, सेमिस्टर आणि सतत चालणाऱ्या परीक्षांची पद्धत तेव्हापासूनची. गोवा कॅम्पस २००४ चा, हैदराबाद २००८ चा, दुबईतही एक आहे. कल्याणजवळचा मुंबई कॅम्पस मॅनेजमेंट, लॉ आणि डिझाइनचा, बी.ई.साठी तो बघू नका. २०१८ मध्ये सरकारने इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स, म्हणजे जास्त स्वायत्तता द्यायच्या नामांकित संस्था, म्हणून पहिल्या ज्या सहा संस्था निवडल्या त्यात बिट्स होती. आमच्या बाबांना मात्र यातल्या कशापेक्षा भारत फोर्ज या मोठ्या फोर्जिंग कंपनीचे बाबा कल्याणी तिथले मेकॅनिकलचे हे जास्त पटलं. बाबा कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतात, त्यांच्यासाठी भारत फोर्ज म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांगते. आपल्याकडे बहुतेक कॉलेजं युनिव्हर्सिटीला जोडलेली असतात, शिकवणारे एक, पेपर काढणारे दुसरे, तपासणारे तिसरेच. माझ्या मावसभावाचे पेपर कुठे तपासले जातात हे त्याला तीन वर्षांत कळलेलं नाही. इथे जो प्रोफ शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो नाहीतर आपल्या देखरेखीखाली तपासून घेतो, आणि तपासलेला पेपर तुमच्या हातात देतो. सेमच्या सुरुवातीला प्रत्येक विषयाचं हँडआउट मिळतं, दोन-तीन पानांचं, त्यात कुठल्या लेक्चरला काय शिकवणार, क्विझला किती मार्क, मिडसेमला (सेमच्या मधली परीक्षा) किती, कॉम्प्रेला किती, कुठला भाग ओपन बुक, परीक्षेची तारीख, सगळं लिहिलेलं. ते हँडआउट मी पहिल्या सेमला नीट वाचलंच नव्हतं. दुसऱ्या सेमला प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवलं.

पेपर परत मिळतात तो दिवस मला कायम लक्षात राहील. पहिल्या सेमची मॅथ्सची मिडसेम, ९० पैकी ३४. वर्गात गठ्ठे ठेवलेले, आपापला पेपर शोधून घ्यायचा, बोर्डवर सोल्युशन लावलेलं. मी आधी फक्त आकडा बघून सुन्न झाले, बारावीपर्यंत मॅथ्समध्ये मला कुणी मागे टाकलं नव्हतं. मग शेजारच्या मुलीने सांगितलं की एकेक स्टेप जुळवून बघ. बघितलं तर एका प्रश्नात मी लिमिट चुकीची घेतली होती पण पुढची पद्धत बरोबर होती आणि त्याचे ४ मार्क द्यायचे राहिलेले. कोपऱ्यात रीचेक लिहून दिलं, दोन दिवसांनी सरांनी बोलावलं, शांतपणे वाचलं, ४ मार्क वाढवले आणि उरलेल्या चुका का चुका आहेत तेही पंधरा मिनिटं समजावलं. ना अर्ज, ना फी, ना महिनाभर वाट बघणं. मार्क ३८ झाले, वर्गाचं ॲव्हरेज ४१ होतं, म्हणजे तरी मी खालीच. पण माझं नेमकं कुठे अडतंय हे मला त्या दिवशी कळलं.

ॲव्हरेजचं सांगितलं कारण इथे ग्रेडिंग रिलेटिव्ह आहे. ९० ला ए मिळेल असं ठरलेलं नसतं, वर्ग कसा गेला त्यावर ए, ए मायनस, बी असे ग्रेड पडतात, आणि सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी म्हणजे १० पॉइंटचा सीजीपीए. अवघड पेपरात ४५ टक्क्यांनाही चांगला ग्रेड येतो आणि सोप्या पेपरात ७५ ला घाम फुटतो. आणि वर्गात सगळे आपापल्या गावचे हुशार असतात ही गोष्ट पचवायला मला दिवाळी उजाडली.

अटेंडन्स. हो, सक्ती नाही, बिट्स त्यासाठी प्रसिद्धच आहे. मी जुलै-ऑगस्टच्या त्या पावसात (गोव्याचा पाऊस म्हणजे मिरजेच्या दसपट, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, पट्ट्याला आणि चपलांना बुरशी येते) सकाळी आठची लेक्चर्स सोडायला लागले, मग ट्युट (ट्युटोरियल, गणितं सोडवायचे तास) सोडले, आणि ते ३४ मार्क त्यातूनच आले. कुणी ओरडत नाही, घरी फोन जात नाही. सूट चांगलीच आहे, मला ती काढून घेतलेली आवडणार नाही, कारण दुसऱ्या सेमला एका विषयात मला पुस्तकातून जास्त कळतं हे लक्षात आल्यावर मी तेवढा तास लायब्ररीत बसले आणि त्याचा फायदा झाला. पण ट्युट सोडू नका. लेक्चर मित्राच्या वहीतून भरून निघतं, ट्युटमध्ये गणित स्वतः सोडवताना जिथे हात थांबतो ते वहीतून मिळत नाही.

दुसऱ्या सेमपासून टाइमटेबल स्वतः बनवायचं असतं, कुठला सेक्शन, कुठले सर, सकाळ की दुपार. रजिस्ट्रेशनला तुमचा नंबर येईपर्यंत हवे ते सेक्शन भरून जातात, म्हणून दोन-तीन टाइमटेबल आधीच कागदावर तयार ठेवा, आणि परीक्षेच्या तारखा एकमेकींवर येत नाहीत ना ते बघा. मी सीनियर ताईला विचारून केलं. सीनियर्सना विचारायला अजिबात लाजू नका, मनापासून सांगतात.

पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना साधारण सारखं. मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, सी मधलं प्रोग्रॅमिंग, ग्राफिक्स, आणि मेकॅनिकलवाल्यालाही बायोलॉजी, ज्याची सगळे कुरकुर करतात पण मला आवडला. माझा जीव मात्र वर्कशॉपमध्ये रमला. फिटिंगचा जॉब होता, माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, कडेला उजेडाची बारीक रेघ दिसली की परत घासायचा. दोन तास झाले तरी माझी रेघ जाईना. रात्री बाबांना फोन केला तर म्हणाले, कानस पुढे जाताना दाब दे, मागे येताना उचल, आणि खांद्यातून हलव, मनगटातून नाही. पुढच्या वेळी तसं केलं आणि रेघ गेली. फोटो पाठवला तो बाबांनी कारखान्यात सगळ्यांना दाखवला. फी भरताना त्यांच्या चेहऱ्यावरचं टेन्शन मी बघितलंय, त्यामुळे त्या एका तुकड्याचं मला काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही.

फीचं स्पष्ट सांगते. चार वर्षांचं सगळं धरून, हॉस्टेल-मेससकट, २५ लाखांच्या वर हिशेब जातो. आमचं एज्युकेशन लोन आहे. मेरिट-कम-नीड स्कॉलरशिपमध्ये घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीचा काही भाग माफ होतो, त्यासाठी उत्पन्नाची कागदपत्रं लागतात आणि सीजीपीए टिकवावा लागतो, म्हणून प्रवेशाच्या आधीच बाबांची सगळी कागदं एका फायलीत लावून ठेवा, नंतर तारखेच्या तोंडावर धावपळ होते. सरकारी कॉलेजात चांगली ब्रँच मिळत असेल आणि कर्ज नको असेल तर तिकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही, हे मी माझ्या धाकट्या भावालाही सांगेन.

रिसर्च युनिव्हर्सिटी हा शब्द माहितीपत्रकात वाचताना मला काही कळला नव्हता. इथे आल्यावर कळलं की प्रोफ नुसते शिकवून घरी जात नाहीत, त्यांच्या लॅबमध्ये पीएचडीची मुलं काम करतात, रात्री साडेनऊलाही दिवे चालू असतात. तिसऱ्या वर्षापासून एलओपी, एसओपी, डीओपी (लॅबचे, स्टडीचे, डिझाइनचे) असे प्रोजेक्ट क्रेडिटसाठी घेता येतात, प्रोफनी हो म्हटलं की त्यांच्याबरोबर खऱ्या कामात. पहिल्या वर्षाला क्रेडिट नाही, पण विचारायला बंदीही नाही. मी फेब्रुवारीत एका सरांना मेल केला, त्यांनी दोन पेपर वाचायला दिले, त्यातलं मला अर्धंही कळलं नाही ते तसंच सांगितलं, तर म्हणाले ठीक आहे, दर शुक्रवारी येऊन बस. तेव्हापासून एका पीएचडीच्या दादाला रीडिंग नोंदवायला मदत करते. एवढंच काम, पण आकडे कुठून येतात ते डोळ्यांनी दिसतं.

पुढे प्रॅक्टिस स्कूल आहे. १९७३ पासून चालू आहे आणि मला वाटतं बिट्सची खरी ओळख तीच. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात दोन महिने पीएस-वन, शेवटच्या वर्षात साडेपाच महिने पीएस-टू, कंपनीत किंवा संशोधन संस्थेत बसून काम आणि त्याला ग्रेड. पीएस-टूच्या जागी थीसिसही करता येतो. माझं अजून काही झालेलं नाही त्यामुळे जास्त बोलत नाही.

वेव्हज, क्वार्क, स्प्री हे फेस्ट आहेतच, क्लब भरपूर, पहिल्या महिन्यात सगळीकडे नाव देऊ नका, दोन बास झाले. मराठी मुलं चिक्कार आहेत. येण्याजाण्याला आम्हाला गोवा एक्सप्रेस सोयीची, मिरजेला बसलं की लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरून थेट वास्को, तिथून कॅम्पस जवळ. पावसाळ्यात त्या घाटात दरवाजाशी उभं राहायचा मोह होतो, राहू नका.

शेवटी प्रेफरन्स फॉर्मचं, कारण त्यात मुलं गडबड करतात. कॅम्पस आणि ब्रँच अशा जोड्या क्रमाने भरायच्या असतात, म्हणजे पिलानी केमिकल आधी की गोवा मेकॅनिकल आधी, हे तुम्हालाच ठरवायचंय. डिग्री एकाच विद्यापीठाची आहे, म्हणून कॅम्पसच्या नावासाठी नावडती ब्रँच वर टाकू नका. एम.एस्सी.ला मिळालं तर पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर बी.ई.ची ब्रँच मिळून पाच वर्षांत दोन्ही डिग्र्या होतात, पण त्यात एक वर्षाची फी वाढते आणि पहिलं वर्ष फार दडपणात जातं. हॉस्टेलच्या माझ्या विंगमधल्या एकीने फिजिक्स घेतलं ते फिजिक्स आवडतं म्हणून, ती मजेत आहे. दुसरीने फक्त पुढे कॉम्प्युटर मिळेल या आशेवर मॅथ्स घेतलं, ती वर्षभर प्रत्येक क्विझनंतर सीजीपीएचा हिशेब मांडत होती आणि मी घरी निघाले तेव्हा तिचा निकाल यायचा होता.