हसू नका, दोनच मिनिटं

मी एकतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. भाजीवालीने परत दिलेले सुटे पैसेही मी मोजल्याशिवाय पाकिटात टाकत नाही. तरीही यंदा मार्चमध्ये पंचविशीतल्या एका मुलीने मला ४,२०० रुपयांना गंडवलं, आणि तेही माझ्या हातात आरसा देऊन. लाजेपोटी मी कुणाला बोलले नव्हते. मग भिशीत सहज विषय निघाला आणि कळलं की आमच्यातल्या आणखी दोघी तीच ट्यूब कपाटात दडवून बसल्यात. म्हणून लिहायला घेतलं.

झालं असं. भाचीचा साखरपुडा एप्रिलमध्ये ठरला होता. सोलापूरच्या नवी पेठेतून ब्लाऊजपीस घेऊन येताना एका मंगल कार्यालयाबाहेर प्रदर्शन आणि सेलचा फलक दिसला. उन्हाने जीव नको झालेला, आत कूलर दिसले, म्हणून शिरले. कुरडया घेतल्या, एक पायपुसणं घेतलं. कोपऱ्यातल्या स्टॉलवर पांढरे कोट घातलेल्या दोन मुली होत्या. पांढरा कोट बघितला की आपण आपोआप नीट उभे राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

"काकू, स्किन चेकअप फ्री आहे, बसा की," म्हणत तिने खुर्ची पुढे केली. पेनासारखं एक यंत्र माझ्या गालाला टेकवलं. त्यावर १९ आकडा आला. तिने असा चेहरा केला की मला वाटलं बीपीच बघितलं. "काकू, तुमचं वय किती?" अठ्ठावन्न, म्हटलं. "स्किनचं वय एकोणसत्तर दाखवायलंय."

इथेच मी फसले, पुढचं सगळं नंतरचं. माझी कातडी आधीच कोरडी, पाळी गेल्यापासून तर जास्तच. डोळ्यांच्या कडेला बारीक रेघांचं जाळं झालंय आणि डोळ्यांखालची कातडी सुकलेल्या कढीपत्त्यासारखी. रोज सकाळी बेसिनसमोर हे मी बघतच होते, फक्त कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. ती बोलली.

मग तिने एक छोटी ट्यूब उघडली. मूगडाळीएवढं क्रीम घेऊन माझ्या फक्त उजव्या डोळ्याखाली थापटलं. "काकू, आता दोन मिनिटं हसायचं नाही, बोलायचं नाही. क्रीम आत जाऊ द्या." आणि पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घालत बसली. कातडी आवळल्यासारखी झाली, शिळ्या दुधावर साय ताणावी तशी. आरसा पुढे केला. उजव्या डोळ्याखालची पिशवी सपाट, रेघा गायब. डावा डोळा मात्र जसाच्या तसा, अठ्ठावन्न वर्षांचा. पेन पुन्हा टेकवलं, आकडा ४६. "फ्रेंच कोलॅजन आहे, काकू. कोरड्या आणि मॅच्युअर स्किनसाठी खास."

ट्यूबवरच्या स्टिकरवर किंमत ६,९०० होती. प्रदर्शनाची ऑफर ४,२००. ट्यूब पंधरा ग्रॅमची. म्हणजे ग्रॅमला २८० रुपये, हा भागाकार मी घरी येऊन केला. एका डोळ्याने म्हातारी आणि एका डोळ्याने तरुण होऊन रिक्षात कसं बसायचं, हाच प्रश्न तेव्हा मोठा वाटत होता. पैसे मोबाईलवरून दिले. समोर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा पुरुषाचं आलं. बिल? "व्हॉट्सॲपवर पाठवते, काकू." ते बिल अजून यायचंय.

पहिले चार दिवस मी खुशीत. लावलं की दोन-तीन तास मस्त दिसायचं. स्टॉलवरच्या मुलीने सांगितल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ लावत गेले. पाचव्या दिवसापासून धुतल्यावर डोळ्याखाली चुणचुण व्हायला लागली. आठवड्याने कातडी लालसर झाली, नंतर कोंड्यासारखी पापुद्रे सोडायला लागली. मी तिच्या नंबरावर मेसेज टाकला. उत्तर चटकन आलं: "काकू, आतला कचरा बाहेर पडतोय, बंद करू नका." सोबत अठराशे रुपयांच्या दुसऱ्या क्रीमचा फोटो, जळजळ शांत करणारं म्हणे. म्हणजे आग लावणाराच पाण्याचा टँकर विकत होता.

तरी साखरपुड्याच्या दिवशी मी ते लावलंच. सोलापूरचा एप्रिल, चाळिशीच्या वरचा पारा, हॉलमधले पंखे गरम हवा ढकलतायत. फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं. फोटोवाला म्हणाला, हसा. हसले. आणि समोर उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या नातवाने अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, "आज्जी, तुझ्या डोळ्याखाली भाकरीचं पीठ लागलंय की!"

बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा भेगा, आणि त्यांच्या कडांना पांढरी पूड. घामाने सुटलेलं आणि हसण्याने मोडलेलं ते कवच. त्याखालची कातडी लालभडक. फोटोत मी आता कडेला आहे आणि पदर गालापर्यंत आहे.

उलगडा घरी झाला. भाची फार्मसी शिकते. साखरपुडा झाल्यावर हिरवा चुडा खळखळवत तिने ट्यूब उलटसुलट केली आणि म्हणाली, "मावशी, यावर घटकच नाहीत." मी म्हटलं, असतील बारीक अक्षरात. तिने किमतीचं स्टिकर नखाने सोलायला घेतलं. त्याच्याखालीच घटकांची यादी होती. मुद्दाम तिथंच चिकटवलेलं. तिने मोठ्याने वाचलं: पाणी, सोडियम सिलिकेट, मॅग्नेशियम ॲल्युमिनियम सिलिकेट, पुढे दोन-तीन रंग आणि सुगंध. कोलॅजनचं नावही नाही.

पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांनी मान वर केली. हे सव्वीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसिंग खात्यात होते. "सिलिकेट? अगं, ते आम्ही ब्लीचिंगला वापरायचो. पेरॉक्साइड एकदम उडू नये म्हणून टाकायचं. सांडलं आणि वाळलं की काचेसारखं घट्ट बसतं. फरशीवरून खरवडून काढावं लागायचं." मग थोडं थांबून, "डोळ्याखाली लावलंस?"

टॉवेलच्या गावात राहून मी टॉवेलच्या टाकीतली वस्तू २८० रुपये ग्रॅमने घेतली होती.

इथे खरं तेवढंच सांगते. सिलिकेट हे काही जहर नाही. झटपट सुरकुत्या झाकणाऱ्या क्रीममध्ये ते थोड्या प्रमाणात वापरतात आणि कार्यक्रमापुरती ती युक्ती चालतेही. पाणी उडालं की त्याचा पातळ पापुद्रा होतो, तो आक्रसतो आणि कातडी ताणून धरतो. त्यासाठीच तो पुठ्ठ्याचा पंखा आणि त्यासाठीच "हसू नका". आत काही जात नाही, काही भरून येत नाही, तोंड धुतलं की खेळ खलास. आणि ते अल्कधर्मी असतं, म्हणजे आधीच कोरड्या असलेल्या कातडीला आणखी कोरडं करणार. लबाडी क्रीममध्ये कमी आणि त्याला "कोरड्या त्वचेचा उपचार" म्हणण्यात जास्त होती.

पेनाचं गौडबंगाल भाचीनेच सांगितलं. ते कातडीतून अगदी बारीक वीज सोडतं. ओलाव्यातून वीज सहज जाते, म्हणून आकडा वाढतो. गालाला नळाचं पाणी लावून टेकवलं असतं तरी वाढला असता. आणि माझ्यासारख्या कोरड्या कातडीच्या बाईचा आकडा आधी कुठून चांगला येणार आहे?

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी ट्यूब मागितली, मग माझ्याकडे पाहिलं. सगळं बंद करायला लावलं. पंधरा दिवस फक्त साध्या पाण्याने तोंड धुवायचं, कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं आणि रात्री त्यावर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर. बस. आठवड्यात जळजळ गेली. जेलीची डबी शंभराच्या आत आली, हे लिहिताना अजून पोटात कालवतं.

त्यांनी शांतपणे समजावलं ते मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. डोळ्यांभोवतीची कातडी पुरती मिलिमीटरभरही जाड नसते आणि तिथे तेलाच्या ग्रंथी फार थोड्या, म्हणून ती आधी सुकते. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, झपाट्याने कमी होतं. ट्यूबमधलं कोलॅजन त्याची जागा घेत नाही, कारण तो रेणू इतका मोठा असतो की वरच राहतो. कोरड्या कातडीला ग्लिसरीन, हायल्युरोनिक ॲसिड, सिरॅमाइड असे घटक बघून घ्यावेत, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत हायल्युरोनिक ॲसिडवर काहीतरी स्निग्ध लावावंच, नाहीतर ओलावा टिकत नाही. सुरकुत्यांवर खरा पुरावा असलेला घटक म्हणजे रेटिनॉल, पण तोही कातडी सोलतो. म्हणून कमी ताकदीचं, आठवड्यातून दोनच रात्री, तांदळाच्या दाण्याएवढं, मॉइश्चरायझरवर, पापणीच्या कडेला नव्हे, डोळ्याखालच्या हाडावर. फरक दिसायला तीन-चार महिने. गर्भार बाईने ते लावायचंच नाही. जन्मापासूनच्या डोळ्यांखालच्या पिशव्या कुठल्याच क्रीमने जात नाहीत. आणि या सगळ्याच्या आधी सनस्क्रीन आणि गॉगल, कारण बऱ्याच रेघा उन्हाने काढलेल्या असतात. मी आयुष्यभर बसस्टॉपवर डोळे बारीक करून उभी राहिलेली. मला पटलं.

आता पैशांचं. फोन लागेना, नंतर व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलं. कार्यालयाच्या मॅनेजरने प्रदर्शन भरवणाऱ्याचा नंबर दिला. तो म्हणाला, आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, पण पहिलाच प्रश्न बिल, दुसरा विकणाऱ्याचं नाव-पत्ता. माझ्याकडे होता फक्त पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि तक्रार आपण राहतो तिथे करता येते. सगळं कायद्यात आहे. पण नोटीस कुणाच्या नावे काढायची? म्हणून बिल आधी हातात घ्या, मग मोबाईल काढा. मेसेजवर पाठवते म्हणाली की ट्यूब परत टेबलावर ठेवा.

ट्यूब कशी वाचायची हे मी आता पाठ केलंय. इथे बनलेलं असेल तर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी हवी. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक हवा. माझ्या ट्यूबवर "फ्रान्स" होतं आणि आयात करणारा कुणीच नव्हता. छापील किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर चिकटवायला तर परवानगीच नाही. माझ्या स्टिकरखाली, घटकांच्या शेजारीच, छापील किंमत होती: ३४९.

जूनच्या शेवटी त्याच कार्यालयाबाहेर पुन्हा फलक लागला. शेजारच्या अक्कांना घेऊन गेले. त्या म्हणाल्या, भांडू नकोस गं. मुली वेगळ्या होत्या, नाव वेगळं होतं. कोट पांढरेच आणि पंखा पुठ्ठ्याचा. खुर्चीत माझ्याच वयाच्या एक बाई ताठ बसलेल्या, उजव्या डोळ्याखाली ओलं चकाकत होतं. मी भांडले नाही. बाजूला उभं राहून दोन मिनिटं होऊ दिली. मुलीने आरसा पुढे केला तेव्हा मी म्हटलं, "ताई, एकदा हसून दाखवा की."

त्यांना काही कळेना. पण माझ्याकडे आणि अक्कांच्या घाबरलेल्या तोंडाकडे बघून त्यांना खरंच हसू फुटलं. डोळ्याच्या कडेला पहिली पांढरी भेग उमटली. मुलीने आरसा टेबलावर पालथा घातला.