वृद्धनिवासातील अकरा महिने: आंघोळीच्या वेळेवरून कळलेली व्यक्तिकेंद्री देखभाल

स्मृतिभ्रंशामुळे आई निवासी वृद्धसेवा केंद्रात राहू लागली, त्याला अकरा महिने झाले. खोली, स्वच्छता, औषधांच्या वेळा यांबद्दल माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते आंघोळीबद्दल, कारण ज्या व्यक्तिकेंद्री देखभालीसाठी मी दरमहा जादा शुल्क भरतो, तिचा अर्थ मला तिथेच कळला.

प्रवेशाच्या वेळी आमच्याकडून जीवनवृत्ताचा आठ पानी अर्ज भरून घेतला होता. आईने आयुष्यभर टेलिफोन केंद्रात रात्रपाळी केली, साडेआठच्या आधी ती उठत नाही, तोंडावर अचानक पाणी आले की घाबरते, हे सगळे मी त्यात सविस्तर लिहिले आणि पुढचे तीन महिने त्या अर्जाचे कौतुक सर्वांना ऐकवले. ते कौतुक मी आता मागे घेतो. चौथ्या महिन्यात केंद्रातून फोन आला की आई सेविकांना ओरबाडते, तेव्हा तिला शांत ठेवणारे औषध सुरू करण्यास संमती द्यावी. संमती देण्याआधी मी एक रात्र तिथे मुक्काम केला. पहाटे साडेपाचला दिवा लागला, पांघरूण ओढले गेले आणि एक शब्दही न बोलता दोघींनी तिला न्हाणीघराकडे नेले. आईने दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की तिची बोटे पांढरी पडली. नोंदवहीत त्या दिवशीची नोंद होती: ‘आंघोळीस विरोध. आक्रमक.’

मी सेविकांवर चिडलो, आणि ते चुकलेच. रात्रपाळी सातला संपण्याआधी सहा जणांच्या आंघोळी उरकायच्या, असे त्यांच्या कामाच्या तक्त्यातच लिहिलेले होते. आईचा अर्ज कार्यालयाच्या कपाटात होता आणि त्या दोघींनी तो कधी पाहिलाही नव्हता. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंश झालेल्यांचे माणूसपण खच्ची करणाऱ्या वागणुकींची यादी केली होती. तिच्यात जबरदस्ती, घाई आणि माणसाला वस्तूसारखे हाताळणे या तिन्ही गोष्टी आहेत, आणि हे बहुधा दुष्टपणाने घडत नाही, असेही त्यांनी बजावले होते. मी ते वाचले होते, पण पटले त्या पहाटे.

व्यवस्थापनाशी तीन आठवडे वाद झाला. ‘वेळापत्रक एकासाठी बदलता येत नाही’ हेच उत्तर मिळत राहिले. अखेर मी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांच्यापुढे ठेवला. अमेरिकेतील १५ शुश्रूषागृहांत रहिवाशाच्या कलाने आंघोळ घातल्यावर, किंवा अंथरुणातच उबदार ओल्या टॉवेलने अंग पुसून घेतल्यावर, आक्रमक वर्तन निम्म्याहून कमी झाले होते. त्यानंतर आईची आंघोळ दिवसपाळीकडे गेली आणि आठवड्यातले सहा दिवस एकच सेविका नेमली गेली.

ही सेविका आधी खुर्चीशेजारी बसते, पाणी आईच्या तळहातावर घेऊन ‘चालेल का?’ म्हणून विचारते, खांद्यांवर टॉवेल तसाच राहू देऊन पायांपासून सुरुवात करते आणि चेहरा आईला स्वतः पुसू देते. याला पूर्वीपेक्षा सात-आठ मिनिटेच जास्त लागतात, आणि दोघींचे काम एकटीने होते. औषध सुरू करावे लागले नाही. अर्जातली माहिती महत्त्वाची आहेच, पण ती जिच्या हातात पाणी आहे तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे आणि त्याप्रमाणे वेळ बदलण्याची मुभाही तिला हवी. केंद्र निवडताना मी आता अर्ज किती पानी आहे हे विचारणार नाही. उशिरा उठणाऱ्या रहिवाशाची आंघोळ कोण घालते आणि किती वाजता, एवढेच विचारीन.

एक तक्रार मात्र उरली आहे. सेविकेच्या सुट्टीच्या दिवशी बदली येणारीला यातले काही माहीत नसते. मागच्या रविवारी पुन्हा पाणी थेट डोक्यावर ओतले गेले आणि दुपारपर्यंत आई कोणाशी बोलली नाही. आईच्या कपाटाच्या दाराला आतून चार ओळींची चिठ्ठी लावण्याची परवानगी मी लेखी मागितली आहे. उत्तर अजून आलेले नाही.