आयरेसिंगवर आठ महिने फक्त ओव्हल: वेग नंतर, आधी इन्सिडंटचा हिशेब

वापर: आयरेसिंग या ऑनलाइन कार रेसिंग सिम्युलेटरचं वर्षाचं सदस्यत्व, फक्त डांबरी ओव्हल (लंबगोल ट्रॅक), लायसन्सच्या पायऱ्या रूकी, डी आणि क्लास सी (पिकअप ट्रकच्या शर्यती). पुण्यातलं फायबर कनेक्शन, २७ इंची एकच स्क्रीन. मत आधीच सांगून टाकतो. गाडी चालवण्यापुरतं बोलायचं तर पैसे वसूल आहेत. पण जी शिडी पार ई-नॅस्कारपर्यंत (अमेरिकेतल्या नॅस्कार कार शर्यतींच्या ऑनलाइन मालिकेपर्यंत) जाते, तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर लॅप टाइमला फारसं कोणी विचारत नाही. तिथे मोजलं जातं ते एकच: तुम्ही किती कमी वेळा धडकता.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयरेसिंग २००८ मध्ये सुरू झालं. त्यामागचे डेव्ह केमर हे पपायरस या गेम स्टुडिओचे सहसंस्थापक, म्हणजे 'नॅस्कार रेसिंग २००३ सीझन' बनवणारी मंडळी. नॅस्कारच्या मान्यतेची ऑनलाइन मालिका इथे २०१० पासून चालते आणि २०२० पासून तिच्या नावात कोका-कोला आहे. रे अल्फाला चार वेळा जिंकला. २०२० पासूनचे काही विजेते: निक ऑटिंजर (२०२०), कीगन लीही (२०२१), केसी कर्वन (२०२२), स्टीव्हन विल्सन (२०२३). विजेत्याला १ लाख डॉलर. मैदानात ४० गाड्या, आणि बऱ्याच गाड्यांमागे खऱ्या नॅस्कार संघांचा किंवा खऱ्या ड्रायव्हरांचा पैसा. विल्यम बायरन तर या सिम्युलेटरवरून सुरुवात करून नॅस्कारच्या सर्वोच्च, खऱ्या कप मालिकेत गेला. गंमत म्हणजे उलटा रस्ताही आहे. शिकागोचा रस्त्यावरचा ट्रॅक आधी इथे बनला, २०२१ मध्ये त्यावर सिम्युलेटरमध्ये शर्यत झाली, आणि २०२३ मध्ये खऱ्या गाड्या त्या रस्त्यांवर धावल्या.

त्या व्यावसायिक मालिकेत धावणारा आणि आपण, दोघं वापरतो ते सॉफ्टवेअर एकच. तोच लेझरने स्कॅन केलेला ट्रॅक, तोच टायर. म्हणूनच या महागड्या छंदाचा मोह आवरत नाही.

महागडा किती, ते बघू. सदस्यत्व महिन्याला १३ डॉलर, वर्षाला ११०. नव्या सदस्याला बहुतेक वेळा सूट असते. सोबत रूकीच्या गाड्या आणि साउथ बॉस्टन, लँगलीसारखे काही छोटे ट्रॅक येतात. खिशाला खरी कात्री पुढे लागते: गाडी सुमारे १२ डॉलर, ट्रॅक १२ ते १५. एक सीझन १२ आठवड्यांचा, दर आठवड्याला ट्रॅक बदलतो. सगळे १२ घ्यायची गरज नाही. ८ आठवडे धावलात की त्या मालिकेसाठी थोडे डॉलर क्रेडिट म्हणून परत मिळतात, म्हणून लक्ष्य ८ चंच ठेवा. ट्रकचा हिशेब असा: १ गाडी आणि ८ ट्रॅक मिळून साधारण १३१ डॉलर, सहा किंवा जास्त वस्तू एकदम घेतल्या तर १५ टक्के सूट, म्हणजे ११२ च्या आसपास. तेच ट्रॅक एकेक करून घेतले तर सूट नाही. सीझनचं वेळापत्रक आधी उघडा, शार्लट, मार्टिन्सव्हिल, ब्रिस्टल, टॅलाडेगा यांसारखे सगळ्याच मालिकांत फिरून फिरून येणारे ट्रॅक निवडा आणि मग एकाच दिवशी खरेदी करा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना ते बघा. आणि ऑटो-रिन्यूअलच्या भरवशावर राहू नका. परदेशी आवर्ती व्यवहार आपल्या बँका सर्रास परत पाठवतात.

आता इन्सिडंट, म्हणजे प्रत्येक चुकीला लागणारे दंडाचे गुण ('एक्स'). बहुतेकांचं डोकं इथेच फिरतं, म्हणून जरा सविस्तर. चाकं ट्रॅकबाहेर गेली की १ एक्स. गाडी फिरली किंवा भिंतीला लागली की २ एक्स. दुसऱ्या गाडीशी जोरात टक्कर झाली की ४ एक्स. चूक कोणाची हे बघितलंच जात नाही. मागून कोणी ठोकलं तरी दोघांच्या खात्यात चार-चार. एकाच झटक्यात तिन्ही घडलं तर बेरीज होत नाही, फक्त सर्वांत मोठा आकडा धरतात. सेफ्टी रेटिंग ०.०० ते ४.९९. ते ठरतं दोन इन्सिडंटच्या मध्ये तुम्ही किती वळणं स्वच्छ पार केलीत यावरून. रूकीमधून ३.०० झालं की लगेच डी. पुढच्या पायऱ्यांना सीझन संपताना ३.०० हवं, किंवा मध्येच ४.०० गाठलं आणि ठरलेल्या शर्यती झाल्या असतील तर तात्काळ बढती. पूर्ण आकडा ओलांडला की ०.४० बोनस मिळतो, खाली घसरलात की तेवढंच जातं. त्यामुळे २.९८ वर असताना 'आणखी एक शर्यत' हा निर्णय जपून घ्या, आणि ३.०२ वर असताना तर फारच जपून.

वळणांच्या या हिशेबातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ५० फेऱ्या म्हणजे २०० वळणं. टॅलाडेगा २.६६ मैलांचं, तेवढ्याच वेळात फेऱ्या मोजक्या, आणि एक मोठा ढीग झाला की ४ एक्स ठरलेलाच. रेटिंग वाढवायचं असेल त्या आठवड्यात टॅलाडेगासारखे सुपरस्पीडवे (लांब, अतिवेगवान ओव्हल) सरळ सोडून द्या. छोट्या ट्रॅकवर शेवटच्या रांगेतून सुरू करा. पहिल्या तीन फेऱ्या पुढच्या गाडीपासून तीन-चार गाड्यांची जागा ठेवा, निम्मं मैदान आपोआप कमी होतं. हे भ्याडपणाचं वाटेल. वाटू दे. आयरेटिंग, म्हणजे कौशल्याचा वेगळा आकडा (सुरुवात १३५० वरून), यात थोडं खाली जाईल, पण क्लास सी लागेपर्यंत त्याची चिंता करण्यात अर्थ नाही.

भारतातून खेळणाऱ्याची खरी अडचण पिंग, म्हणजे माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. ओव्हलची गर्दी अमेरिकेत, सर्व्हरही बहुधा तिथलाच. पुण्या-मुंबईकडून पूर्व किनाऱ्यापर्यंत २०० ते २५० मिलिसेकंद धरून चाला. याचा अर्थ काय होतो बघा. ताशी १९० मैल म्हणजे सेकंदाला साधारण ८५ मीटर. तुमच्या गाडीची माहिती दुसऱ्याच्या स्क्रीनवर पोहोचायला १२० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुप्पट. सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजाने भरून काढतं. गाडी सरळ, एका वेगात जात असेल तर अंदाज चोख बसतो. तुम्ही अचानक ब्रेक दाबला किंवा झटक्यात खाली वळलात की अंदाज चुकतो. तुमच्या स्क्रीनवर वीतभर अंतर दिसत असतं आणि त्याच्या स्क्रीनवर धडक झालेली असते. चार एक्स दोघांना.

उपाय साधे आहेत. वायफाय नको, राउटरपासून थेट केबल ओढा. पिंगपेक्षा त्यातली अस्थिरता जास्त घातक. स्थिर २३० चालतं, १८० ते ३०० मध्ये उड्या मारणारं चालत नाही. घरात त्याच वेळी कोणी फोटोंचा बॅकअप लावला असेल तर थांबवा. राउटर छोट्या यूपीएसवर ठेवा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होताना जो क्षणभराचा खंड पडतो तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो. पुन्हा जोडून शर्यतीत येता येतं, पण तोवर फेऱ्या गेलेल्या असतात. आणि टॅलाडेगाला पुढच्या गाडीला बंपरने ढकलायच्या फंदात पडू नका. २० पिंगवाले ते करतात. आपण निदान अर्ध्या गाडीचं अंतर ठेवून नुसता ड्राफ्ट (पुढच्या गाडीच्या आडोशाने कमी झालेला वारा) घ्यायचा. पाण्याचं तापमान चढायला लागलं की अर्धी गाडी बाहेर काढून नाकाला वारा द्यायचा.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. गिअरवर चालणारं स्वस्त स्टिअरिंगही रूकी आणि डीला पुरतं. फक्त कललेल्या वळणांच्या ट्रॅकवर डावीकडे सततचा भार असतो, त्यामुळे फोर्स (स्टिअरिंग हाताला देतं तो जोर) जास्त ठेवला तर मोटर तापते आणि वळणाच्या मधोमध सगळं एकसारखं जड लागतं. टायर सुटत असल्याची बारीक जाणीव तिथेच मरते. दहा-बारा फेऱ्या मारून फोर्स आपोआप ठरवणारं ऑटो बटण दाबा, मग कोपऱ्यातला एफ मीटर लाल होत नाही ना ते पाहा. पैसे घालायचेच असतील तर आधी लोड सेलच्या (पायाचा जोर मोजणाऱ्या) ब्रेक पेडलमध्ये घाला. डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं स्टिअरिंग) नंतर. आयात केलेल्या पेडलला इथे दुरुस्ती मिळणं कठीण, म्हणून सुटा सेन्सर वेगळा मिळतो का हे घेण्यापूर्वी विचारून ठेवा. विंडोजमध्ये यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद करा; ४० व्या फेरीला स्टिअरिंग 'गायब' होण्याचं नेहमीचं कारण तेच. दृश्यकोनाचा (फील्ड ऑफ व्ह्यूचा) आकडा अंदाजाने ठेवू नका. २७ इंची स्क्रीन डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर तो ५३ अंशांच्या आसपास येतो. चित्र अरुंद वाटतं, बाजूची गाडी दिसत नाही, पण ब्रेकची जागा अचूक कळते. बाजूची गाडी बघायचं काम स्पॉटरचं, म्हणजे कानात सूचना देणाऱ्या आवाजाचं. 'क्रू चीफ' हे मोफत ॲप लावा, आणि तो 'क्लिअर' म्हणेपर्यंत रेषा बदलू नका.

गाडीच्या वागण्यात दोनच शब्द आहेत: टाइट आणि लूज. नाक वळत नाही ती टाइट, मागचा भाग निसटतो ती लूज. फिक्स्ड सेटअपच्या शर्यतीत सगळ्यांना सारखीच, बहुधा टाइटकडे झुकणारी गाडी मिळते. नवखे मग काय करतात, तर वळत नाही म्हणून स्टिअरिंग आणखी पिळतात. पुढचा उजवा टायर घासत जातो, तापतो, अजूनच वळत नाही. १५ फेऱ्यांनंतर ते वर सरकून भिंतीशी. उलट करा: थ्रॉटल अर्धा सेकंद आधी सोडा, नाक खाली बसू द्या, आणि स्टिअरिंग सरळ करता येईल तेव्हाच गॅस द्या. दोन फेऱ्यांत सेकंदाचा दहावा भाग हरवेल, वीस फेऱ्यांनंतर तीन-चार गाड्या मागे पडलेल्या दिसतील. ट्रॅकही बदलतो. खालच्या रेषेवर रबर बसतं, ती तापते, निसरडी होते. होमस्टेडला तर वरची भिंतीलगतची रेषा धरल्याशिवाय शेवटच्या टप्प्यात काही खरं नाही.

पिट स्टॉप (टायर-इंधनासाठीचा थांबा) मात्र जवळून पाहण्यासारखा. मार्टिन्सव्हिल घ्या: ०.५२६ मैल, पिटमध्ये मर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. पिट लेन सरळ नाही, वळणाच्या आतून वळत येते. ट्रकला पिट लिमिटरचं बटण नाही, आरपीएम बघूनच चालवायचं. सरावाच्या सत्रात पिट लेनमधून पाच वेळा जा, दुसऱ्या गिअरला किती आरपीएमवर दंड लागतो ते कागदावर लिहा आणि त्याच्या शंभर खाली राहा. अपघातानंतरचा पिवळा झेंडा पडताच आत घुसू नका. पेस कारने (सगळ्यांना हळू चालवणाऱ्या पुढच्या गाडीने) मैदान पकडेपर्यंत पिट बंद असतं, बंद पिटमध्ये शिरलात की दंड. त्या मोकळ्या वेळात कीबोर्डवरचं एफ४ उघडून इंधन, एफ५ वर टायर, एफ७ वर वेज (चाकांवरच्या वजनाचा तिरका तोल). चारही टायर नको असतील तर खूण आत्ताच काढा. पिटमध्ये थांबल्यावर बटणं शोधत बसलात तर क्रू आधीच जॅक लावून मोकळा झालेला असतो. गाडी वळताना टाइट असेल तर वेज थोडं कमी करा, पण एका थांब्याला एकच बदल. दोन केले की कशाने फरक पडला ते कळत नाही. आपल्या चौकटीच्या पुढे अर्धा मीटर गेलात तर रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि त्यात दहा जागा जातात. नुकसान झालेलं असेल तर दुरुस्तीचे दोन आकडे दिसतात, सक्तीची आणि ऐच्छिक. ऐच्छिक सोडून निघता येतं. सक्तीची पूर्ण होण्याआधी निघालात तर झेंडा दाखवून परत बोलावतात.

नापसंतीची एक गोष्ट: फिक्स्ड शर्यतींत शेवटच्या पाच फेऱ्यांत पिवळ्यामागे पिवळा पडत राहतो, आणि तासभर जपलेली गाडी दुहेरी रांगेच्या रीस्टार्टला कोणाच्या तरी उतावीळपणापायी जाते. रीस्टार्टला आतली रांग सुरक्षित वाटते, पण मधल्या क्रमांकावर असाल तर बाहेरची घ्या. पुढच्याचं चाक घसरलं तर आतल्याला पळायला जागा नसते. बाहेरच्याला निदान भिंत घासून निघता येतं. २ एक्स, ४ नव्हे.

वेळेचं गणित आपल्याला सोयीचं आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. अमेरिकेतली संध्याकाळची गर्दी म्हणजे आपली सकाळ. ऑफिसला निघण्याआधी भरलेली, चांगल्या दर्जाची शर्यत मिळते. आपल्या रात्री नऊला मात्र तिथे कामाची सकाळ, क्लास सीला मैदान भरत नाही. व्यावसायिक मालिका मंगळवारी रात्री असते आणि यूट्यूबवर फुकट दिसते. पूर्व किनाऱ्याचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की साडेसात. बघताना आघाडीची गाडी सोडा, बाराव्या-पंधराव्या क्रमांकाच्या गाडीचा थ्रॉटल कधी सुटतो ते बघा.